डबा रिकामा देऊ नये

परवा संध्याकाळी मी कणीक मळत होते. लेक वरच्या काकूंचा स्टीलचा डबा धुऊन-पुसून हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "आई, देऊन येऊ?" माझे हात कणकेत. म्हटलं, "थांब, आधी त्यात दोन मुठी साखर घाल." आता ती अकरा वर्षांची. प्रश्न तिच्या जिभेवर तयारच असतात. "का? काकूआजींकडची साखर संपलीय?"

मैत्रिणींनो, आपल्या आईने आपल्याला हे कधी समजावून सांगितलं होतं का हो? मला तरी नाही. आमच्या माहेरी शेजारून खीर आली, लोणच्याची वाटी आली, की ते भांडं दुसऱ्या दिवशी परत जायचं, पण रिकामं कधी नाही. घरात काहीच नसलं तर आई चिमूटभर साखर घालायची, नाहीतर परसातली कढीपत्त्याची दोन डहाळ्या. "रिकामं भांडं देऊ नये" एवढंच तिचं स्पष्टीकरण. आम्हीही पुढे विचारलं नाही.

पण लेकीला उत्तर द्यायला हवं होतं, म्हणून विचार करू लागले. आपल्या मराठी घरांत तोंडाने आभार मानायची फारशी पद्धत नाही. 'धन्यवाद' हा शब्द सभेत, नाहीतर लग्नपत्रिकेत. आता मुलं उठता-बसता 'थँक्यू' म्हणतात, त्यात वाईट काही नाही. पण घरच्या माणसाला किंवा शेजारणीला आपण 'आभारी आहे' म्हटलं, की ती लगेच म्हणते, "आभार मानून परकं करतेस काय?" जेवणारा उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणायचा. म्हातारी माणसं 'औक्षवंत हो' म्हणायची. आणि बायका? त्या डब्यात साखर घालायच्या. तू दिलंस ते पोचलं, मी विसरले नाही, आणि आपलं येणं-जाणं असंच चालू राहू दे, एवढं सगळं त्या साखरेत यायचं.

हे मी लेकीला सांगितलं खरं. पण हा धडा मी स्वतः किती उशिरा शिकले, ते तिला सांगितलं नाही. ते तुम्हाला सांगते.

आम्ही सांगलीत राहतो. जुनी एकमजली इमारत, खाली आम्ही भाड्याने, वर काकू. काका मिरजेला रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा परगावी. काकू एकट्या, पेन्शनवर. २०१९ सालापर्यंत आमचं नातं 'काय कसं काय'पुरतंच. जिन्यात भेटलो की दोन शब्द, सणाला एक ताट.

त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णेला पूर आला. सांगलीकरांना पूर नवा नाही; २००५ चा पूर आमच्या ह्यांनी पाहिलेला. त्यामुळे पाणी अंगणापर्यंत येऊन परत जाईल असं हे म्हणत राहिले. पण आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या उंबऱ्याशी पाणी लागलं तेव्हा आमची पळापळ झाली. टीव्ही वर न्या, गाद्या वर न्या, मिक्सर न्या. हे आणि मी जिन्यातून खेपा घालतोय, चार वर्षांची लेक रडतेय, सासूबाई देवघर हातात घेऊन उभ्या. तेवढ्यात काकू खाली आल्या, आणि घोटाभर पाण्यात उभं राहून त्यांनी मला एकच विचारलं, "कागद घेतलेस का?"

माझ्या लक्षातच नव्हतं! कपाटाच्या खालच्या खणात रेशनकार्ड, लेकीचा जन्मदाखला, माझं बी.ए.चं प्रमाणपत्र, सगळं एका फाइलीत. काकूंनी स्वतः ती काढली आणि पदराखाली धरून वर नेली. कडा भिजल्या होत्याच. रात्री मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी एकेक कागद वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये घालून गादीखाली सपाट ठेवला. पुढच्या वर्षी मला शाळेत अर्धवेळ शिक्षिकेची जागा मिळाली ती त्याच प्रमाणपत्रावर. त्याच्या कडेला अजून तो पिवळा डाग आहे.

सहा दिवस आम्ही चौघं काकूंच्या दीड खोलीत होतो. वीज नाही, नळ नाही. गच्चीवर पातेली मांडून पावसाचं पाणी धरायचं, गाळून उकळायचं. सिलिंडर पुरवायचा म्हणून एकदाच चूल पेटवल्यासारखं सकाळी गॅस लावायचा आणि आमटी-भात करून ठेवायचा. काकूंनी आपली खाट सासूबाईंना दिली आणि स्वतः जमिनीवर झोपल्या. पाणी ओसरलं तेव्हा आमच्या घरात वीतभर चिखल होता. काकू पदर खोचून खाली उतरल्या आणि खराट्याने तो काढू लागल्या. साठी उलटलेली बाई! मी नको-नको म्हणत राहिले. त्या म्हणाल्या, "बोलत बसू नकोस, बादली आण."

एवढं केलेल्या बाईचे उतराई कसं व्हावं? दिवाळीत ह्यांना बोनस मिळाला. आमचंच घर अजून लागत होतं, तरी आम्ही ठरवलं, काकूंना साडी घ्यायची. चांगली अठराशे रुपयांची घेतली. वर जाऊन दिली, नमस्कार केला. काकूंनी साडीवरून हात फिरवला, रंगाचं कौतुक केलं आणि हसून म्हणाल्या, "मिटवलास होय गं हिशेब?"

थट्टाच होती ती. पण मला लागली, कारण खरी होती. साडी देऊन जिना उतरताना मला अगदी हलकं वाटलं होतं. उधारी चुकती केल्यावर वाटतं ना, तसं.

हिशेब खरंच मिटवला होता, हे जानेवारीत दिसलं. संक्रांतीचं हळदीकुंकू. पुरानंतरचं पहिलं, म्हणून हौसेने करायचं ठरवलं. पंचवीस बायकांची यादी केली. काकूंचं नाव यादीत नव्हतं. मी विसरले नव्हते हो. नाव मनात आलं होतं, आणि मीच ते बाजूला केलं. काकू विधवा. सासूबाईंना भीत भीत विचारलं, तर त्या म्हणाल्या, "रीत आहे ती. मी तरी कुठे बाहेर येते?" खरंच होतं. सासरे गेल्यापासून दर हळदीकुंकवाला त्या दुपारीच आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. तिळगूळ वळायला त्या, वाण बांधायला त्या, आणि बायका यायच्या वेळेला दार लोटून आत. मला त्यात कधी वावगं दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी लेकीबरोबर मी वर वाटीभर तिळगूळ पाठवला. मनात म्हटलं, झालं, काकूंनाही पोचला. वाटी परत आली. रिकामी नव्हती, गूळपापडीच्या दोन वड्या होत्या तिच्यात. आणि लेक निरोप घेऊन आली, "काकूआजी म्हणाली, आईला सांग, जिन्यातून सुगडं छान दिसतायत."

त्या जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. ज्या घरातला चिखल त्यांनी उपसला, त्या घरात त्यांना पाय ठेवायला मी बोलावलं नव्हतं.

मला वाटतं, आपलं पुष्कळदा असंच होतं. उपकार मोठा असला की आपण मोठ्ठी वस्तू शोधतो आणि एकदाची देऊन टाकतो. पण त्या माणसाला रोजच्या दिवसात काय हवं आहे, कुठे खुपतं आहे, ते बघत नाही. वस्तू विकत मिळते, तिथे बघायला आपण स्वतः लागतो. आणि ते अवघड जातं, कारण त्यात कधी आपलीच एखादी रीत आड येते.

त्यानंतर मी निदान बघायला लागले. एका नोव्हेंबरात, २०२२ सालची गोष्ट, काकू दोनदा बँकेत जाऊन हात हलवत परत आलेल्या दिसल्या. पेन्शन चालू राहायला दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. काकूंच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. जन्मभर राख आणि साबणाने भांडी घासलेली बोटं ती, रेषा राहणार कुठून? कुणीतरी शाळेत म्हणालं की २०२१ पासून हा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. 'जीवन प्रमाण' ही सरकारची सोय २०१४ पासून आहे, ठशांऐवजी चेहरा चालण्याची सवलत मागाहून आली. आधार क्रमांक, पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक आणि बँकेचा खातेक्रमांक हाताशी घेऊन मी वर गेले. खिडकीपाशी उजेडात काकूंना बसवलं. पापण्या मिटायला सांगते तो फोन, तेव्हा काकूंना हसू आवरेना. दोन-तीनदा फसलं, मग जमलं. अर्धा तास लागला. काकू म्हणाल्या, "आता वर्षभर मी जिवंत बरं का!" साडीच्या वेळी नव्हता इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. आणि खर्च? काही नाही.

तुमच्या आळीतही अशा काकू, आजोबा असतील. नोव्हेंबर आला की एकदा विचारून बघा.

त्याच वर्षी आणखी एक घडलं होतं. सांगलीपासून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं हे आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. वर्तमानपत्रातली ती बातमी मी मोठ्याने वाचून दाखवली होती. सासूबाई शेंगा सोलत होत्या. काही बोलल्या नाहीत.

पुढच्या संक्रांतीची यादी करायला बसले तेव्हा पहिलं नाव काकूंचं घातलं आणि सासूबाईंना तसं सांगितलं. दोन दिवस त्या गप्प. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सहा रात्री मी तिच्या खाटेवर झोपले. ती यायची असेल तर मीही बाहेर बसेन."

काकूंना बोलवायला गेले, तर त्यांनीच नको म्हटलं. "मला कशाला अडचणीत घालतेस? बायका काय म्हणतील?" मी म्हटलं, "सासूबाई एकट्या पडतील." ही मात्रा लागू पडली. काकू आल्या, आणि नेसल्या होत्या ती तीच अठराशेची साडी. दोघी शेजारी शेजारी बसल्या. हळद दोघींनीही लावून घेतली. कुंकवाला काकूंनी मान हलवली, तर मी आग्रह केला नाही. ज्याचं त्याला ठरवू द्यावं. एक बाई वाण न घेताच 'घाई आहे' म्हणून उठल्या. त्या पुढच्या वर्षीही आल्या नाहीत. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण बाकीच्या बसल्या, तिळगूळ खाल्ला, आणि दोघी-तिघींनी जाताना हळूच म्हटलं, "आमच्या आईलाही बोलवायला हवं होतं."

हे सगळं सांगायचं कारण, कृतज्ञता म्हणजे काही भव्य-दिव्य नव्हे. रोजच्या कामात मावेल एवढीच ती असते. मी माझ्यापुरत्या काही गोष्टी ठरवल्या आहेत. पटल्या तर बघा.

पहिली गोष्ट डब्याची. आलेला डबा आठ दिवसांच्या आत परत जावा. राहिला की तो आपल्याच फळीवरचा होऊन जातो. त्यात शिळं, उरलेलं कधी घालू नये. त्यापेक्षा दोन लिंबं, चार मिरच्या, मूठभर शेंगदाण्याचं कूट बरं. समोरच्या घरात मधुमेह असेल तर साखरेऐवजी मेतकूट द्यावं. आणि ती गोष्ट आवडली असेल तर काय आवडलं ते नेमकं सांगावं. 'छान होतं' म्हणून सोडू नये. 'लोणच्यात मेथी बरोबर पडली होती' म्हटलं की करणारीला तिच्या हाताची पावती मिळते.

दुसरी, भांडीवाल्या मावशींची. त्यांना दिवाळीला पातळ देतो आणि वर्षभर त्यांच्यासाठी फुटक्या कानाचा कप वेगळा ठेवतो. माझ्याकडेही होता. मी तो टाकून दिला. आता मावशी आमच्याच कपातून चहा घेतात आणि पाटावर नाही, खुर्चीवर बसून घेतात. महिन्यातून ठरलेल्या दोन सुट्ट्या भरपगारी. करपलेलं पातेलं असेल तर मी ते रात्रीच गरम पाणी आणि सोडा घालून भिजत ठेवते. आपली पाच मिनिटं जातात, त्यांच्या मनगटाचा त्रास वाचतो.

तिसरी, कचरा नेणाऱ्यांची. ओला-सुका वेगळा करायला हवा हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण फुटलेली काच, ब्लेड, वापरलेले पॅड आपण कसे टाकतो? ते हाताने उचलणारी बहुधा आपल्यासारखीच एक बाई असते. पुण्यात कचरावेचक बायकांनी हे लोकांपुढे मांडलं: पॅड कागदात नीट गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका करा, म्हणजे आम्हाला न उघडता कळेल. २०१६ च्या कचऱ्याच्या नियमांतही असा कचरा नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. आमच्याकडे जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन आणि लाल पेन न्हाणीघराच्या फळीवर ठेवलेलं असतं. काच असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहिते आणि हातात देताना तोंडानेही सांगते. न कापलेला एक हात, हीच त्या बाईला आपली भेट.

चौथी शाळेतली. पाचवीच्या वर्गाला पत्रलेखन शिकवताना आम्ही 'मामास पत्र' लिहून घेतो. गेल्या वर्षी मी सांगितलं, ज्यांनी आपल्यासाठी काही केलं आणि ज्यांना आपण कधी बोललो नाही, अशा माणसाला पत्र लिहा, आणि नेऊन द्या. एका मुलीने शाळेतल्या मावशींना लिहिलं. पोटात दुखत होतं तेव्हा त्यांनी तिला ओवा दिला होता आणि घरचे येईपर्यंत जवळ बसल्या होत्या. पाचच ओळी, त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका. त्या मी तशाच राहू दिल्या. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि घडी करून बटव्यात ठेवलं.

शेवटची गोष्ट सगळ्यांत सोपी आणि मला सगळ्यांत कठीण जाते. घरच्यांची. सासूबाई इतकी वर्षं माझ्या लेकीला शाळेतून आल्यावर जेवू घालतात, म्हणून मी नोकरी करू शकते. हे मी त्यांना कधी म्हटलंच नव्हतं. घरातलं कोण कुणाला म्हणतं? परवा पगार झाला तेव्हा त्यांच्या आवडीची भडंगाची पुडी आणली आणि म्हटलं, "तुम्ही आहात म्हणून मला शाळेत जाता येतं." त्या म्हणाल्या, "बरं बरं, कांदा चिर." पण रात्री ह्यांना फोड करून सांगत होत्या, सून काय म्हणाली ते. दोनदा सांगितलं.

तर लेकीने डब्यात साखर घातली. झाकण लावताना म्हणाली, "आई, काकूआजीला गोड चालत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. मी मागच्या आठवड्यात गोळ्या आणायला गेले होते ना तिच्याबरोबर." मला ठाऊक नव्हतं! वर राहणाऱ्या काकूंची ही गोष्ट मला माहीत नव्हती आणि पोरीला माहीत होती. तिने साखर परत बरणीत ओतली आणि डबा भरून मेतकूट घेतलं, तेही मला न विचारता. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज ऐकत मी पोळ्या लाटायला घेतल्या.

तुमच्या फळीवर कुणाचा डबा राहिलाय का? आज काढून बघा. त्यात काय घातलंत ते मला जरूर कळवा.